उसन्या झग्यातला इतिहास

बाहेर तोफा चालू आहेत आणि आत जेवण. गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यात लांबलचक टेबल मांडलंय. मेणबत्त्या, चांदीची भांडी, पुरुषांच्या अंगावर समारंभाचे कडक कोट, बायकांचे उघड्या खांद्यांचे गाऊन. बाजूला वाद्यवृंद वाजवतोय. धडाम्‌ आवाज होतो, छताचा गिलावा सुटतो आणि थेट केसांत, ताटात, ग्लासात येऊन पडतो. कुणी मान वर करत नाही. खांद्यावरचा चुना बोटांनी झटकायचा आणि शेजाऱ्याशी चाललेलं बोलणं पुढे न्यायचं. अख्ख्या टेबलावर घाबरलेला माणूस एकच, एक पाद्री. प्रत्येक धमाक्याला तो दचकतो आणि इतरांच्या तोंडाकडे बघतो, की यांना ऐकू येत नाही की काय?

हा प्रसंग मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. ‘कॅरी ऑन... अप द खैबर’, १९६८ सालचा इंग्रजी सिनेमा. काळ दाखवलाय १८९५ चा, वायव्य सरहद्दीवरचा. ठाण्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळीचा कपडेपट मी अठरा वर्षं सांभाळतेय, त्यामुळे माझे डोळे नटांवर कमी आणि छतावर जास्त असतात. गिलावा एकदम कोसळत नाही, हप्त्याहप्त्यानं पडतो. आधी भुकटी, मग खडे, मग ढलपे. जेवणाऱ्यांचे कोट हळूहळू राखाडी होत जातात. म्हणजे कपडेपटातल्या कुणीतरी प्रत्येक शॉटच्या आधी हिशेब ठेवलाय, की आता कुणाच्या खांद्यावर किती धूळ असायला हवी. आधीच्या शॉटमध्ये पांढरा झालेला खांदा पुढच्या शॉटमध्ये स्वच्छ दिसला तर हसू तिथेच मरतं. या सिनेमाच्या वेशभूषेवर नाव आहे एमा सेल्बी-वॉकर यांचं आणि कलादिग्दर्शनावर अ‍ॅलेक्स व्हेचिन्स्की यांचं. हसणाऱ्या प्रेक्षकाला ही नावं कधी आठवत नाहीत. मला आठवतात.

‘कॅरी ऑन’ ही ब्रिटनची चावट विनोदी चित्रपटांची मालिका. निर्माते पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेरल्ड थॉमस. १९५८ साली सुरू झाली आणि १९७८ पर्यंत वर्षाला एक, कधी दोन या वेगानं सिनेमे येत राहिले. नट बहुतेक तेच. सिड जेम्स, केनेथ विल्यम्स, जोन सिम्स, चार्ल्स हॉट्री, हॅटी जॅक्स, पीटर बटरवर्थ. स्टुडिओ तोच, लंडनजवळचा पाइनवूड. या मालिकेचा विनोद कमरेखालचा आहे हे कुणी लपवलं नाही. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर चावट पोस्टकार्डं विकली जायची, गुबगुबीत बायका, त्यांना दबून असलेले नवरे आणि खाली दोन अर्थांची एक ओळ. डोनाल्ड मॅकगिल हा त्या चित्रांचा राजा. १९५४ साली लिंकनच्या न्यायालयात त्याच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि तो दोषी ठरला. चार वर्षांनी ‘कॅरी ऑन’ सुरू झालं आणि तीच पोस्टकार्डं जणू पडद्यावर चालू-बोलू लागली.

आपल्याला हे परकं नाही. तमाशातली बतावणी, गौळणीतली मावशी, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात सोडून स्वतः भाबडा चेहरा करून उभा राहणारा सोंगाड्या, हे सगळं आपलंच आहे. वसंत सबनीसांच्या वगनाट्यात दादा कोंडके जे करायचे आणि पुढे पडद्यावर त्यांनी जे केलं, त्याची नाळ सिड जेम्सच्या खदखदून हसण्याशी जुळते. आमच्या घरी कोंडक्यांच्या सिनेमाला बाबा एकटे जायचे, आम्हाला न्यायचे नाहीत. परत आले की आईला काहीतरी सांगायचे आणि स्वयंपाकघरातून दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ते हसणं बंद दाराआडचं असलं तरी निर्मळ होतं, एवढं तेव्हाही कळत होतं.

आता नावाचीच गंमत बघा. आपण ‘अप द खैबर’ वाचतो आणि डोळ्यांपुढे खिंड येते. लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकऱ्यांची एक यमकांची बोली आहे. हवा तो शब्द उच्चारायचाच नाही, त्याच्याशी यमक जुळणारे दोन शब्द घ्यायचे आणि त्यातलाही यमकाचा भाग गाळून टाकायचा. ‘खैबर पास’मधल्या ‘पास’चं यमक जुळतं ते माणसाच्या बुडाला इंग्रजीत जो शिवराळ शब्द आहे त्याच्याशी. म्हणजे पोस्टरवरच शिवी होती. ज्याला कळली तो हसला आणि ज्याला कळली नाही त्याला भूगोल कळला. खलनायक संस्थानिकाचं नाव ‘खासी ऑफ कलाबार’. ‘खाझी’ म्हणजे त्यांच्या बोलीत संडास.

ही कारागिरी टॅल्बट रॉथवेल यांची. मालिकेतले वीस सिनेमे त्यांनी लिहिले आणि ऐतिहासिक सिनेमांतले गाजलेले सगळे त्यांचेच. त्यांच्याबद्दल वाचलं त्या दिवसापासून हे सिनेमे मला वेगळेच दिसायला लागले.

दुसऱ्या महायुद्धात रॉथवेल ब्रिटिश हवाई दलात होते. नॉर्वेजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते जर्मनांच्या हाती सापडले. पुढची वर्षं त्यांनी युद्धकैदी म्हणून काढली, सागान इथल्या ‘श्टालाग लुफ्ट ३’ या छावणीत. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, मोजकं अन्न. त्या छावणीत कैद्यांनी नाटकं केली. रॉथवेल लिहू लागले ते तिथे. आणि तिथेच त्यांना भेटला नौदलाच्या विमान शाखेतला एक तरुण अधिकारी, पीटर बटरवर्थ. त्यानं आयुष्यात कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं. रॉथवेलनी त्याला गळ घालून उभं केलं. दोघांनी मिळून एक गाणं म्हटलं, मध्ये विनोदी चकमकी केल्या आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा करून, हुर्यो उडवून दाणादाण केली. तो गोंगाट हवाच होता. कारण त्याच वेळी जमिनीखाली भुयार खणलं जात होतं आणि खणण्याचा आवाज पहारेकऱ्यांच्या कानावर जायला नको होता.

पुढे १९४३ च्या ऑक्टोबरात तिथून तीन कैदी निसटले. मैदानात व्यायामाचा लाकडी घोडा रोज ठेवला जायचा, वरून कैदी उड्या मारायचे आणि आत दडलेला माणूस खाली भुयार खणायचा. उड्या मारणाऱ्यांत बटरवर्थ होता. युद्धानंतर याच पलायनावर सिनेमा निघाला. बटरवर्थ त्यातल्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेला, तर त्याला सांगण्यात आलं की तू या कामाला पुरेसा शूर आणि कसरतपटू वाटत नाहीस.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाहेर गोळीबार चाललाय आणि आत माणसं शिष्टाचारानं जेवतायत, हा प्रसंग ज्यानं लिहिला, त्यानं आयुष्याची काही वर्षं तारेच्या आत नाटकं लिहिण्यात घालवली होती. आणि टेबलावरचा तो एकटा घाबरलेला पाद्री? तो पीटर बटरवर्थ. सिनेमाच्या शेवटी तोच कॅमेऱ्याकडे वळून सांगतो, की अर्थातच, हे सगळे ठार वेडे आहेत. ती ओळ छावणीतल्या मित्रानं मित्रासाठी लिहिली आहे. मला त्यात दोघांची ओळख ऐकू येते.

रॉथवेलच्या ऐतिहासिक सिनेमांची दुसरी गोष्ट कपड्यांची आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१९६० साली पाइनवूडमध्ये एका अमेरिकन कंपनीनं क्लिओपात्रावरचा प्रचंड सिनेमा सुरू केला. नायिका एलिझाबेथ टेलर. मोकळ्या मैदानात अलेक्झांड्रिया उभं राहिलं. आणि इंग्लंडच्या पावसानं, थंडीनं त्या इजिप्तची दैना केली. टेलर आजारी पडली. मार्च १९६१ मध्ये न्यूमोनियानं तिची अवस्था इतकी बिघडली की श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागला. शेवटी सगळं बिऱ्हाड रोमला हललं, दिग्दर्शक बदलला आणि सिनेमा नव्यानं काढला गेला. त्याचा खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला.

मागे राहिले सेट आणि पोशाख. पीटर रॉजर्सनी ते उचलले. १९६४ च्या उन्हाळ्यात ‘कॅरी ऑन क्लिओ’ त्यांच्यावर उभा राहिला, सगळा मिळून दोन लाख पौंडांच्या आत. महागड्या चित्रपटासाठी शिवलेले झगे स्वस्तातल्या नटांच्या अंगावर आले. त्यातली वेशभूषा बघणाऱ्या ज्युली हॅरिस होत्या. पुढच्याच वर्षीच्या एका सिनेमासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. म्हणजे चावट सिनेमाच्या कपड्यांवरही पहिल्या प्रतीचा हात फिरत होता.

आणि हाच त्या विनोदाचा पाया आहे असं मला मनापासून वाटतं. सेट खोटा, पुठ्ठ्याचा, हलणारा असेल तर त्यावरचा विनोद फक्त वात्रटपणा राहतो. सेट खराखुरा, खांब भक्कम, सीझरच्या अंगावरचा झगा भरजरी असेल आणि त्या झग्यातला सीझर सर्दीनं बेजार असेल, नाकातून बोलत असेल, बायको आणि सासऱ्याला कंटाळलेला असेल, तर इतिहासाचा सगळा डामडौल एका शिंकेत खाली येतो. केनेथ विल्यम्सचा सीझर तसा आहे. मारेकरी अंगावर येतात आणि तो नाकपुड्या फुगवून ओरडतो, “इन्फमी! इन्फमी! दे हॅव ऑल गॉट इट इन फॉर मी!” ‘इन्फमी’ म्हणजे घोर दुष्कीर्ती, आणि तोच शब्द तोडून म्हटला की ‘सगळे माझ्यावर टपलेत’. मराठीत हा श्लेष उतरत नाही, मी प्रयत्न करून सोडून दिला. ही ओळ रॉथवेलची नव्हे. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या जोडीनं ती रेडिओच्या कार्यक्रमासाठी लिहिली होती. रॉथवेलनी त्यांना रीतसर विचारून ती घेतली. झगा उसना, सेट उसना, सर्वांत मोठा हशाही उसना. पण मागून आणलेला, चोरलेला नाही. श्रेयनामावलीत तर मूळ कल्पना विल्यम शेक्सपियर यांची असं छापून टाकलं.

पोस्टरच्या बाबतीत मात्र मागून घेणं राहिलं. मूळ क्लिओपात्राच्या पोस्टरसारखीच मांडणी करून तिथे आपली माणसं रंगवली. अमेरिकन कंपनी कोर्टात गेली आणि पोस्टर मागे घ्यावं लागलं. सिनेमात गुलाम विकणाऱ्या एका दुकानाला ‘मार्कस अँड स्पेन्सियस’ नाव देऊन पाटी हिरव्या-सोनेरी रंगात रंगवली होती, त्यावरून ज्या दुकानांची ती नक्कल होती त्या ‘मार्क्स अँड स्पेन्सर’नंही हरकत घेतली. निर्मात्यांनी माफी मागितली.

हेन्री आठव्यावरचा सिनेमा १९७१ चा. त्याच्या आदल्या वर्ष-दोन वर्षांत त्याच राजावर एक भारदस्त चित्रपट येऊन गेला होता, रिचर्ड बर्टन राजा झाला होता. त्यातला बर्टनचा झगा सिड जेम्सच्या खांद्यावर आला. सिड जेम्स जन्मानं दक्षिण आफ्रिकेचा, जोहान्सबर्गचा, चेहरा सुरकुतलेला, नाक बॉक्सरसारखं. बर्टनसारख्या देखण्या नटाच्या मापानं बेतलेलं ते ओझं अंगावर घेऊन तो राजवाड्यात बायकांच्या मागे धावतो. झगा खांद्यावरून घसरत नाही, पायात येत नाही. कुणीतरी तो आतून टाचला असणार, खांद्याला पॅड लावले असणार, घेर कमी केला असणार. दुसऱ्याचा झगा नटाला बेतून देणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मूळ शिवण उसवायची नाही, कारण तो परत करायचा असतो. कच्च्या टाक्यांनी काम भागवायचं आणि नटाला सांगायचं, हात वर नेताना कोपर जवळ ठेव.

आमच्याकडे एकदा स्पर्धेच्या दिवशी भाड्याच्या कपड्यांचा पेटारा उघडला तर पेशवाई अंगरख्यांऐवजी मोगली जामे निघाले. प्रयोग चारला, वेळ होती दुपारची दीड. आमच्या लेखकानं मेकअपच्या खोलीत बसून दोन वाक्यं लिहिली. कारभारी दिल्लीहून परतलाय आणि तिथले कपडे उतरवायला तयार नाही. त्या संध्याकाळी सर्वांत मोठा हशा त्या दोन वाक्यांना आला. पुढच्या सगळ्या प्रयोगांत आम्ही जामेच ठेवले.

प्रदेशांचंही तेच. फ्रेंच पलटणीवरच्या सिनेमाला वाळवंट हवं होतं, ते त्यांनी इंग्लंडच्या ससेक्स किनाऱ्यावर कॅम्बर सँड्सच्या वाळूत उभं केलं. आणि खैबर खिंड केली वेल्समध्ये, स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी.

तिथे मी जाऊन आलेय. ताई लिव्हरपूलला असते. तिच्याकडे गेले तेव्हा भाऊजींनी विचारलं, कुठे जायचंय सांग. मी म्हटलं, खैबरला. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

नांट ग्विनांटच्या दरीतून वॉटकिन पाथ नावाची वाट वर चढते. आधी ओकची झाडी, ओला पाचोळा, मग धबधबे, मग उघडा डोंगर. सर एडवर्ड वॉटकिन या रेल्वेच्या मोठ्या असामीच्या नावाची ही वाट. १८९२ साली तिचं उद्घाटन केलं पंतप्रधान ग्लॅडस्टननी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, एका खडकावरून भाषण करून. तो खडक आजही दाखवतात. सिनेमातला काळ १८९५ चा. म्हणजे कथेत जेव्हा सरहद्दीवर घागऱ्यासारखे किल्ट नेसलेले स्कॉटिश सैनिक पठाणांना थोपवत होते, तेव्हा ही खरी वाट तीन वर्षांची होती आणि तिचं उद्घाटन करणारा म्हातारा साम्राज्याच्या राजकारणातून नुकताच निवृत्त झाला होता.

वाटेवर सिनेमाच्या आठवणीची पाटी आहे. २००५ साली ती लावली, अनावरण केलं सिनेमात राजकन्या झालेल्या अँजेला डग्लस यांनी. मी तिथे उभी राहून आजूबाजूला पाहिलं. कातळ काळपट, गवत हिरवंगार, हवेत ओल. खैबरच्या रखरखीत भुऱ्या डोंगरांशी या रंगाचं काही नातं नाही. पण कॅमेरा कुठे लावला असेल ते कळत होतं. खाली लावला की हिरवळ निघून जाते आणि कातळ व आभाळ एवढंच उरतं. ताई म्हणाली, “एवढंच? यासाठी आलो आपण?” मी म्हटलं, “हो गं, एवढंच.” तिनं पिशवीतून डबा काढला आणि आम्ही ग्लॅडस्टनच्या खडकाजवळ बसून थालीपीठ खाल्लं. वारा इतका होता की लोणच्याची पुडी उडून गेली.

त्या वाऱ्यात बसून जे मनात आलं ते मी टाळणार नाही. हा सिनेमा आपल्याबद्दल आहे आणि त्यात आपण नाही. पठाणांचा सरदार झालाय बर्नार्ड ब्रेसलॉ, लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेला साडेसहा फुटी ज्यू नट. खासी झालाय केनेथ विल्यम्स. राजकन्या झालीय अँजेला डग्लस. सगळ्यांच्या तोंडाला तपकिरी रंग फासलाय. टोळीचं नाव ढेकरेवरून, माणसांची नावं संडासावरून. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पाऊण तास ताठ बसून होते. मेकअपचा तो रंग मला आजही खुपतो आणि खुपायलाच हवा. एप्रिल-मे १९६८ मध्ये हे चित्रीकरण झालं. त्याच एप्रिलच्या वीस तारखेला बर्मिंगहॅममध्ये इनक पॉवेल या खासदारानं परदेशांतून, आपल्याकडूनही, येऊन स्थायिक होणाऱ्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. बाहेर खऱ्या तपकिरी माणसांना परत जा म्हणत होते आणि पाइनवूडमध्ये गोऱ्यांना तपकिरी रंग लावला जात होता. ही दोन चित्रं मला एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

तरीही मी सिनेमा बंद केला नाही, याचं कारण त्याची नजर कुणावर रोखलीय ते मला पुढे दिसलं. कथा एवढीच आहे: स्कॉटिश पलटणीचे शिपाई किल्टच्या आत काही घालत नाहीत, म्हणून टोळीवाले त्यांना ‘घागऱ्यातले सैतान’ समजून घाबरतात. एक शिपाई लोकरी चड्डी घातलेला सापडतो आणि साम्राज्याचा दरारा संपतो. चड्डीवर टिकलेलं साम्राज्य! त्याच वर्षी जानेवारीत विल्सन सरकारनं सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य काढून घेत असल्याचं जाहीर केलं होतं. आदल्या नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं होतं. सरबिटन गावच्या पाच सेक्रेटरींनी देशासाठी रोज अर्धा तास बिनपगारी जास्त काम करायचं ठरवलं होतं आणि ‘मी ब्रिटनच्या पाठीशी’ अशी मोहीमच सुरू झाली होती. सिनेमाच्या शेवटी फडकणाऱ्या झेंड्यावर नेमकी तीच घोषणा लिहिलेली आहे. छत कोसळतंय, पाहुणे जेवतायत आणि वर हा झेंडा. आपलं काय चाललंय ते रॉथवेलना पुरतं ठाऊक होतं. १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं शंभर उत्तम ब्रिटिश चित्रपटांची यादी केली त्यात हा नव्व्याण्णवावा आला. तो तिथे असणं मला योग्य वाटतं.

या सगळ्या काटकसरीची दुसरी बाजू मला जास्त लागते. झगे उसने होते ते ठीक, पण माणसंही स्वस्तात घेतली होती. सिड जेम्स आणि केनेथ विल्यम्सना एका सिनेमाचे पाच हजार पौंड मिळत. जोन सिम्स आणि बार्बरा विंडसरना अडीच हजार. वर्षामागून वर्षं गेली, महागाई वाढली, हे आकडे जवळपास तिथेच राहिले. सिनेमे टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागले, त्यातला पैसा नटांच्या हाती आला नाही. जोन सिम्सनी चोवीस सिनेमे केले, मालिकेतल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त. जेवणाच्या प्रसंगात गव्हर्नरची बायको तीच आहे. केसांत गिलावा पडतो आणि ती म्हणते, मी जराशी ‘प्लास्टर्ड’ झालेय वाटतं. प्लास्टर्ड म्हणजे चुन्यानं माखलेली आणि दारूनं झिंगलेलीही. ही ओळ तिनं ऐनवेळी स्वतःच घातली असं सांगतात. त्या ओळीचे तिला वेगळे पैसे कोण देणार होतं? आपल्याकडे बतावणीत ऐनवेळी सुचलेल्या किती ओळी अशाच बेनामी गेल्या असतील.

सिड जेम्स १९७६ च्या एप्रिलमध्ये संडरलँडच्या रंगमंचावर प्रयोग चालू असतानाच गेला. बटरवर्थ १९७९ मध्ये, रॉथवेल त्यानंतर दोन वर्षांनी.

यंदा आम्ही एका काल्पनिक संस्थानावरचा फार्स बसवतोय. दुसऱ्या अंकात वाड्यात पंगत बसते आणि बाहेर इंग्रजांची तोफ. छत कोसळायला हवं, पंगत उठता कामा नये. थर्माकोलचे तुकडे करून पाहिले, ते तरंगत खाली येतात, वजन दिसत नाही. खडूची भुकटी उडते आणि पहिल्या रांगेला खोकला लागतो. मैदा पत्रावळीवरच्या वरणात पडला की लगदा होतो, आणि नटांना तो खावा लागतो. मग आठवलं, ब्रिटिश स्टुडिओंमध्ये धूळ म्हणून जी माती पूर्वापार वापरतात, तिला ते फुलर्स अर्थ म्हणतात. म्हणजे आपली मुलतानी माती. बायका तोंडाला लावतात ती.

काल बाजारातून दोन किलो घेऊन आले. खडे वेगळे काढले, उरलेलं मैद्याच्या चाळणीनं चाळलं, मूठभर घेऊन बाबांच्या जुन्या काळ्या कोटावर वरून सोडून पाहिलं. छान बसते. खांद्यावर थर धरते आणि झटकली की निम्मीच जाते. रविवारी तालमीला प्रत्येक नटाच्या खांद्यावर किती चमचे टाकायची ते लिहून काढायचंय, प्रवेशाप्रमाणे.